पाटावरची वाळू

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा लिहिला होता : सहायक जंतुपालक. आईने ते पत्र देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं, आणि कोणी विचारलंच तर ‘पाण्याच्या प्रकल्पात आहे’ एवढंच सांगायची. आमच्या मोहगव्हाणमध्ये गुरं पाळणारे घरटी होते. जंतू पाळणारा मी एकटाच.

काम अवघड नव्हतं. रोज सकाळी साडेसहाला खदानीच्या काठावर जायचं, एकशे चाळीस नळ्यांचे कॉक उघडायचे आणि जंतूंना वाढायचं. पदार्थ दोनच, युरियाचं पाणी आणि चुन्याच्या क्षाराचं पाणी. ताट कोणी परत पाठवलं नाही, मीठ कमी आहे असं कोणी म्हटलं नाही. जेवून झालं की ते निमूट आपल्या कामाला लागायचे. इतकी समजूतदार पंगत मी आमच्या भाऊबंदकीत पाहिलेली नाही.

त्यांचं काम काय, ते सांगायचं तर आधी खदान सांगावी लागेल.

सातपुडा जिथे संपतो आणि सपाट रान सुरू होतं, त्या पट्ट्यात जमिनीखाली नुसते गोटे, रेती आणि खडी आहे. हजारो वर्षं नाल्यांनी डोंगरावरून आणून टाकलेली. पावसाळ्यात नाले गर्जत येतात आणि या पट्ट्यात शिरले की गुप्त होतात. पाणी खडीतून खाली उतरतं, आणि मग सावकाश, दिवसाला हातभर या चालीनं, तापीच्या अंगाला सरकतं. वाटेत आमच्या विहिरी. हा पट्टा म्हणजे खालच्या सगळ्या गावांचा रांजण. रस्त्यांना खडी हवी होती, म्हणून एका कंपनीनं या रांजणाला भोक पाडलं. एकवीस वर्षं पाडत होती. चाळीस एकरांचं, शंभर फूट खोल.

पाण्याच्या पातळीखाली खड्डा गेला की आजूबाजूचं पाणी त्यात झिरपतं. काम चालू होतं तोवर कंपनी ते पंपानं उपसून ओढ्यात सोडायची. काम संपल्यावर ते तिथेच साठून उन्हात वाफ होऊन जायला लागलं. विहिरींतलं पाणी खाली, खड्ड्यातलं उघड्यावर. कंपनी जाताना कागदावर ‘निसर्गरम्य जलाशय’ असं लिहून गेली. जलाशयाच्या काठी बसायला दोन बाकडीही ठेवली. बाकडी चांगली आहेत.

माझे वडील तोताराम बऱ्हाटे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. अडतीस वर्षं ते गावविहिरीचं पाणी सोडतात. त्यांच्याकडे गाठी मारलेला एक दोर आहे. दर परसाला एक गाठ. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहीर तेरा माणसं खोल. रोज सकाळी आप्पा दोर सोडतात आणि कितव्या गाठीला पाणी लागलं ते पाहतात. खदान सुरू झाली तेव्हा सहाव्या गाठीला लागायचं. बंद झाली तेव्हा अकराव्या. मधल्या काळात आप्पा उंचीनं तेवढेच राहिले, पण मला ते दरवर्षी थोडे बुटके दिसायचे.

मग शाहिना मॅडम आल्या. डॉ. शाहिना तडवी. आमच्याच गावच्या, तडवीवाड्यातल्या. पुण्याला बारा वर्षं जंतूंवर संशोधन करून परत आल्या त्या एक डबा घेऊन.

युरिया फोडून खाणारे जंतू मातीत पहिल्यापासून आहेत. ते युरिया फोडतात तेव्हा आजूबाजूचं पाणी बदलतं, आणि त्या पाण्यात चुन्याचा क्षार असला तर त्याचे बारीक खडे वाळूच्या कणाकणावर बसायला लागतात. कण एकमेकांना चिकटतात. वाळूचा दगड होतो. निसर्गात याला पिढ्या लागतात. मॅडमच्या डब्यातल्या वाणाला बारा दिवस लागायचे. खदानीच्या भिंतींना आणि तळाला हा थर धरला की पाणी आत झिरपणार नाही, खड्ड्याला वळसा घालून विहिरींकडे जाईल. मग खड्डा माती टाकून टप्प्याटप्प्यानं भरायचा, वर झाडं लावायची. शास्त्रीय नाव मोठं होतं. गावानं एका दिवसात त्याला ‘लिंपण’ म्हणायला सुरुवात केली.

चौदा महिन्यांनी आप्पांचा दोर नवव्या गाठीला भिजला.

त्या दिवशी आप्पांनी दोर घरी आणला, अंगणात वाळत घातला आणि त्याच्यासमोर चहा पीत बसले. कोणी पाहुणा आल्यासारखे.

*

पाणी वाढलं तसं गावाच्या अंगात आलं. आमच्या ओढ्याला पाच वर्षं भादव्यात पाणी नव्हतं. गणपती प्लॅस्टिकच्या हौदात बुडवत होतो. मोठी मूर्ती आडवी करावी लागायची, तरी सोंड वर राहायची. त्या वर्षी सुपडूभाऊ झोपे प्रकल्पाच्या फाटकावर आले. गावात सगळ्यात मोठी केळीची बाग त्यांची, आणि सगळ्यात मोठा आवाजही.

“भाव्या, यंदा बाप्पा खदानीत.”

“भाऊ, तिथं जंतू आहेत.”

“बाप्पाले चावतीन का?”

“नाही चावत.”

“मंग माणसाले?”

“माणसालाही काही करत नाहीत.”

“मंग अडचण कोणाची आहे? तुह्या जंतूंची? त्याईले विचार, अन् सांग.”

मी मॅडमना फोन केला. त्या परिषदेसाठी बंगळूरला होत्या. त्या म्हणाल्या, “चालेल. मूर्ती मातीच्याच घे. आणि नियमावली पाळ. सगळ्यांचे पाय धुऊन घे.”

नियमावली सत्तेचाळीस पानांची होती. खदानीतला कणसुद्धा बाहेर जाता कामा नये, हा तिचा गाभा. त्यासाठी फाटकाशी व्हिनेगरच्या पाण्याचा एक लांबट ट्रे होता. आंबट पाण्यात जंतू मरतात. नियमावलीत बूट होते, टायर होते, फावडी होती. कुत्र्यांसाठी स्वतंत्र पान होतं. गणपती नव्हता.

अनंत चतुर्दशीला सगळं गाव वाजतगाजत आलं. मूर्ती पाण्यात गेल्या, आरती झाली. परत जाताना मी फाटकाशी उभा राहिलो आणि एकालाही सोडलं नाही. चपला काढा, ट्रेमधून चाला, टाच घासा. म्हाताऱ्यांना हात धरून चालवलं. तीनशे अकरा माणसं, सहाशे बावीस पाय. सुपडूभाऊ म्हणाले, “लग्नात जावयाचे धुतले नाहीत एवढे पाय धुतले आज.” मी नोंदवहीत तारीख घालून सही केली. खाली लिहिलं : नियमांचे काटेकोर पालन झाले.

पाय मी पाहत होतो. डोक्यावर पाहिलं नाही.

गणपती बुडवून आल्यावर पाट रिकामा आणत नाहीत. ज्या पाण्यात विसर्जन झालं तिथली मूठभर वाळू पाटावर घेऊन यायची. घरी आणली की थोडी धान्याच्या कोठीत, थोडी गोठ्यात, थोडी शेताच्या कोपऱ्यात, आणि आमच्या गावात थोडी विहिरीत. पाणी आटू नये म्हणून. एकूण दोनशे चार घरांचे दोनशे चार पाट माझ्या नाकासमोरून, वर रुमाल घातलेले, डोक्यावरून गेले.

शेवटचा पाट आमचा होता. फाटकाला कुलूप लावून तो मीच घरी नेला.

*

विसर्जनानंतर तीन आठवड्यांनी सुपडूभाऊंची मोटर अर्ध्या तासात कोरडी ओढायला लागली. त्यांनी आधी मोटरला शिव्या दिल्या, मग मोटर विकणाऱ्याला, मग मला. चार दिवसांत तशा विहिरी साठ झाल्या. आठव्या दिवशी एकशे शहाऐंशी.

गंमत अशी, की विहिरीत असलेलं पाणी कुठे जात नव्हतं. उपसलं की संपायचं, एवढंच. मागून भरायचं नाही. मॅडम आणि मी एका विहिरीत कॅमेरा सोडला. विहिरीच्या भिंती पांढऱ्या, गुळगुळीत. गोट्यांमधल्या फटी बुजलेल्या. झरा कुठे होता त्याची खूणही नाही. विहीर नव्हतीच ती. जमिनीत पुरलेला माठ होता.

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. “हे आपलंच आहे,” त्या म्हणाल्या. “पण इथं आलं कसं? आणि इथं त्यांना वाढतंय कोण?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पायाशी होतं. प्रत्येक विहिरीच्या काठावर खताची टाकी होती, ठिबकला जोडलेली, आणि प्रत्येक टाकीचा कॉक गळका. केळीला आमच्याकडे युरिया इतका पडतो की जंतूंना इथे रोजची पंगत होती. चुना पाण्यात होताच; आमच्याकडच्या चहाच्या पातेल्याला जाऊन विचारा. मी खदानीत मोजून वाढत होतो. गाव न मोजता वाढत होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गावानं आपलं आपण शोधलं. तडवीवाड्यातल्या नऊच्या नऊ विहिरी भरलेल्या होत्या.

सुपडूभाऊ पारावर बोलले, आणि त्यांचा आवाज चार गल्ल्यांपलीकडे जातो. “डबा कोणी आणला? तडव्याच्या पोरीनं. विहिरी कोणाच्या वाचल्या? तडव्याच्या. आता याले कायले शास्त्र पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं वाड्यात जाणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीच्या काचेवर कोणी शेण फासलं. त्या शांतपणे ते पुसत होत्या. मी विनोद शोधत होतो. सापडला नाही.

“गुरुवारी ग्रामसभा आहे,” त्या म्हणाल्या. “तोवर कारण मिळालं नाही तर मी जाते. माझ्यासाठी नाही रे. वाड्यात अब्बा एकटे असतात.”

*

कारण मला बुधवारी सकाळी आमच्या गोठ्यात सापडलं.

आई खूश होती. “ये, ये, पाय तं ठेव. कवाची म्हनत होते फरशी घाला, फरशी घाला. पाहा, आपोआप झाली.”

म्हशीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे मूत वाहून जायचं, तिथे ताटाएवढा पांढरा गुळगुळीत दगड तयार झाला होता. मी वाकून नखानं खरवडला. मग घरातून लिंबू आणलं आणि त्यावर पिळलं. बारीक फेस आला.

“आई, इथं काय टाकलं होतं?”

“काही नाही बाप्पा. पाटावरची वाळू. दरसाल टाकते.”

गुरांच्या मुतात युरिया असतो, हे मला आठवीत शिकवलं होतं. मी त्या फरशीवर खाली बसलो. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सहायक जंतुपालक तिनं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला असेल.

“अजून कुठं टाकली?”

“कोठीत टाकली चिमूटभर. बाकीची आप्पानं नेली. गावविहिरीत.”

तडवीवाड्यात गणपती बसत नाही. तिथे वाळू गेलीच नव्हती.

म्हणजे कारण मिळालं होतं, आणि ते सांगितलं की मॅडम सुटत होत्या. फक्त ते सांगायचं म्हणजे असं सांगायचं : गावाचं पिण्याचं पाणी ज्यानं अडतीस वर्षं सांभाळलं, त्याच्याच हातानं ते बंद झालं. आणि वाळू घरी आणणारा पाट माझ्या डोक्यावर होता.

आप्पा विहिरीवर होते. दोर सोडलेला, तेराव्या गाठीपर्यंत. विहिरीत टँकरनं पाणी ओतायचे आणि ते पाणी गाव प्यायचं; विहिरीच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला बाहेरून पाणी पाजत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. खदान, युरिया, गोठा, लिंबू. आप्पा ऐकताना दोर गुंडाळत होते. सांगून झालं तरी गुंडाळतच राहिले, मग तो सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

“तुह्या जंतूंनी पाणी किती वाढवलं होतं?”

“दोन परस.”

“अन् म्या बंद केलं किती?”

“सभेत सांगशील?”

“सांगावं लागेल, आप्पा. मॅडमवर आलंय सगळं.”

“माह्यं नाव घेशील?”

“नाही. विहिरीचं नाव घेईन. गावविहिरीत वाळू गेली, एवढंच म्हणेन.”

“विहीर काय चालत गेली होती खदानीवर?” आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. माझे विनोद कुठून येतात असं लोक विचारतात.

मग ते घरी गेले. जेवले नाहीत.

*

ग्रामसभेला इतकी गर्दी मी निवडणुकीतही पाहिली नव्हती. मॅडम एका बाजूला खुर्चीवर, मांडीवर वही. सुपडूभाऊंनी सुरुवात केली आणि ते नऊ विहिरींवर आले तेव्हा मी उभा राहिलो.

“मी सहाशे बावीस पाय धुऊन घेतले,” मी म्हणालो.

काही जण हसले. त्यांना वाटलं, भाव्या नेहमीसारखा काहीतरी सांगतोय. मी पुढचं सांगायला लागलो तसं हसू विरलं. वाळूचं नाव आलं आणि बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. मी गोठ्यापर्यंत पोचलो. तिथून विहिरीकडे जायचं होतं, आणि मी पुन्हा गोठ्याचंच सांगायला लागलो.

मागून आप्पा पुढे आले. त्यांनी दोराची गुंडाळी टेबलावर ठेवली.

“गावविहिरीत वाळू म्या टाकली,” ते म्हणाले. “माह्या हातानं. आता ज्यानं आपल्या विहिरीत टाकली नसंल, त्यानं हात वर करावा.”

एकही हात वर झाला नाही. सुपडूभाऊंचा हात गुडघ्यावर होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

“पन आप्पा,” ते म्हणाले; आवाज त्यांचा वाटत नव्हता. “आपुन तं पुण्याचं काम केलं होतं.”

“व्हय. म्हनूनच कोणाच्या ध्यानात नाही आलं.”

मॅडम उठल्या. “माझ्याही नाही,” त्या म्हणाल्या. “मी लहानपणी बऱ्हाट्यांच्या दारात प्रसादाला यायचे. पाटावरची वाळू मी पाहिली आहे. एकदा विचारलंही होतं, ही कशाला आणता म्हणून. नियमावली लिहिताना कुत्रे आठवले, पाट आठवला नाही. चूक माझीही आहे. आता उपाय ऐका.”

उपाय दोन होते. पहिला, उपास. युरिया मिळाला नाही तर जंतूंचं काम थांबतं. म्हणजे एक अख्खा हंगाम गावाच्या शिवारात युरियाचा कण पडता कामा नये. खदानीतही वाढणं बंद. तिथे जो थर झाला आहे तो दगडच आहे, तो तसाच राहील. दुसरा, विहिरींत आधीच धरलेलं लिंपण सौम्य ॲसिडनं मऊ करून झऱ्यांच्या तोंडावरून फोडायचं.

“केळी उपाशी मरंल,” कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी सुपडूभाऊंकडे पाहिलं. बाग त्यांची सगळ्यात मोठी होती, आणि गावविहिरीला खेटून होती. ते मग म्हणाले, “पाणीच नसंल तं ती कशानं मरंल, ते काय तिले विचारत बसू?” आणि सभेतून उठून गेले. हे हो होतं की नाही, ते ग्रामसेवकाला कळेना. त्यानं इतिवृत्तात ‘हो’ लिहिलं.

*

पहिली गावविहीर घ्यायची ठरली. मॅडमनी पुण्याहून एक यंत्र मागवलं. दोरानं खाली उतरून छिन्नी मारणारं. ते दोन दिवस छिन्नी मारत होतं. मारायचं व्यवस्थित, पण कुठे मारायचं ते त्याला कळत नव्हतं. पांढऱ्या भिंतीत झरा दिसत नव्हता, आणि भलतीकडे फोडलं तर मागे नुसता घट्ट गोटा.

“पूर्वेकडून डाव्या हाताला, बाराव्या परसाला, पायरीच्या दगडाखाली,” आप्पा म्हणाले. “गायझरा. दरसाल गाळ काढाले जातो तवा पाठीले गार लागतो. मी उतरतो.”

“आप्पा, नाही,” मॅडम म्हणाल्या. “ॲसिडनं लिंपण विरघळतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड. तळाशी पाण्यासारखा साचतो, दिसत नाही, वास येत नाही. माणूस ओरडायच्या आत बसतो.”

“ते तुह्या पुस्तकात आत्ता आलं का? आमचे बुढे कंदील सोडून पाहायचे. कंदील विझला तं उतरायचं नाही.”

सुपडूभाऊ तोवर घरी जाऊन मोठा बॅटरीचा दिवा घेऊन आले होते. “हा घ्या आप्पा. हा विझतच नाही.”

“म्हनूनच नको,” आप्पा म्हणाले.

गावात खरा कंदील एकाही घरात नव्हता. शेवटी महामार्गावरच्या ‘अस्सल गावरान’ नावाच्या ढाब्यातून शोभेला टांगलेला एक काढून आणला. त्यात रॉकेल घालायला जागा होती हे ढाबेवाल्यालाही तेव्हाच कळलं.

सकाळचे दहा. विहिरीतलं पाणी उपसून काढलेलं. आदल्या दिवशी ॲसिड फवारलेलं. मोठ्या पंख्यानं नळीतून आत हवा सोडत होतो. मॅडमचं हवा मोजायचं यंत्र आणि ढाब्याचा कंदील, दोन्ही शेजारी शेजारी दोरानं खाली गेले. यंत्राचा आकडा ठीक होता. कंदील जळत होता. पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

आप्पांच्या कमरेला दोर बांधला. तो धरायला मी, सुपडूभाऊ आणि आणखी दोघं. एक झटका म्हणजे दोर सोडा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे ओढा. आप्पा उतरताना आईकडे पाहून म्हणाले, “भाकरी झाकून ठेव.” आईनं पदर तोंडात धरला.

एक झटका. एक. एक. मी मनात परस मोजत होतो. सातवा. नववा, जिथे आपलं पाणी पोचलं होतं. बाराव्याला दोन झटके आले. मग खालून छिन्नीचा आवाज. ठक. ठक. मधे थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बापाच्या छिन्नीच्या दोन ठोक्यांमधला वेळ किती लांब असतो, हे मी मोजलेलं नाही. मोजायचंही नव्हतं.

अचानक आवाज बदलला. ठक ऐवजी पोकळ काहीतरी. आणि खालून सोडा वॉटरची बाटली उघडावी तसा लांब फुसकारा.

“मागं साचला होता!” मॅडम ओरडल्या. “लिंपणाच्या मागं गॅस साचला होता! ओढा!”

यंत्र किंचाळायला लागलं. मी आत पाहिलं. कंदिलाची ज्योत निळी झाली, आखडली, गेली.

मी दोराला तीन झटके दिले. खालून एक झटका आला. दोर सोडा.

“आप्पा, वर या!”

पुन्हा एक झटका. दोर सोडा.

“नका सोडू,” मी म्हणालो. “ओढा.” आयुष्यात आप्पांचं ऐकलं नाही असं मी पहिल्यांदाच केलं. दोर आधी हलका होता, मग एकदम जड झाला. माणूस स्वतःहून चढत नसला की जड होतो. सुपडूभाऊंच्या तळव्याची साल निघून दोर लाल होत होता आणि ते ओढत होते.

आप्पा वर आले तेव्हा डोळे मिटलेले, ओठ काळसर. मॅडमनी त्यांना आडवं केलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला, छाती चोळली. उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. मी ती उघडायला गेलो तर उघडेना. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग आप्पा खोकले. डोळे उघडले. आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या मुठीकडे.

त्यांनी बोटं सैल केली. आत वाळू होती. ओली, सुटी, कणाकणानं वेगळी. बोटांमधून पाणी गळत होतं.

तेव्हा खालचा आवाज आम्हाला ऐकू आला. बारीक, सलग.

“गायझरा,” आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग मुठीकडे बघून, “आता ही ठेवायची कुठं?”

ती खाली टाकायची नाही हे सगळ्यांना कळत होतं. घरी न्यायची नाही हेही कळत होतं.

मॅडमनी पिशवीतून नमुन्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि आप्पांच्या हाताखाली धरली. “इकडे द्या, आप्पा.” आप्पांनी वाळू त्यात सोडली, एकही कण बाहेर न सांडता. मॅडमनी चिठ्ठी चिकटवली आणि मोठ्यानं म्हणत लिहिली : “ठिकाण, गावविहीर. खोली, बारा परस. नमुना घेणारे...” त्या थांबल्या. “पूर्ण नाव सांगा.”

“तोताराम लहानू बऱ्हाटे,” आप्पा म्हणाले, हजेरी दिल्यासारखं.

मी व्हिनेगरचा ट्रे पुढे सरकवला. नियम म्हणजे नियम. आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि ट्रेमध्ये उतरले. टाचा घासल्या. मग, कोणी सांगितलं नव्हतं, नियमावलीत तसं पानही नव्हतं, ते वाकले आणि त्यांनी उजवा हात त्या आंबट पाण्यात बुडवला. बोटं उघडून धुतला. मनगटापर्यंत. पुन्हा एकदा धुतला.

ते बाजूला झाले तेव्हा मागे सुपडूभाऊ उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि ट्रेमध्ये पाय ठेवला. मग वाकून साल निघालेले दोन्ही तळवे त्या पाण्यात घातले. झोंबलं असणार, त्यांनी दात आवळले. त्यांना गरज नव्हती, ते विहिरीत उतरलेच नव्हते. त्यांच्या मागे आई होती, आणि आईच्या मागे रांग लागत होती.

मी ट्रेमधलं पाणी कमी झालं तसं घालत राहिलो.